एका दिवसाचे पान

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर या गावाच्या नावात समुद्र आहे. गावाच्या आसपास मात्र तो कोठेच नाही. पश्चिमेचा अरबी समुद्र काय किंवा पूर्वेचा बंगालचा उपसागर काय, दोन्ही येथून ५०० किलोमीटरांहून अधिक दूर. गावाभोवती दिसते ती काळी जमीन. पावसाळ्यात हिरवी आणि हिवाळ्यात फुटलेल्या कापसाने पांढरी झालेली. परगावचा पाहुणा आला, की हमखास विचारी, "तुमच्या समुद्रपुरात समुद्र कोठे आहे हो?" गावात एक निवृत्त शिक्षक राहत असत. सारे गाव त्यांना नुसते 'गुरुजी' म्हणे. या प्रश्नाचे उत्तर ते मोठ्या गंभीर चेहऱ्याने देत.

"समुद्र आहे तर! फक्त थोडा लांब आहे. या तालुक्यातले ओढे-नाले शेवटी वर्धा नदीला मिळतात. वर्धा वैनगंगेला भेटते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आमच्या अंगणात पडलेला पाऊस समुद्राकडे निघालेलाच असतो की नाही?"

पाहुणा हसे. गुरुजींची नात सातवीत होती. हे उत्तर तिला पाठ झाले होते. तरीही पाहुण्याचा चेहरा पाहण्यासाठी ती दाराआड उभी राही.

पाणी गावातून बाहेरच्या जगाकडे जाई. बातमी मात्र बाहेरच्या जगातून गावाकडे येई. नागपुरात रात्री छापलेली वर्तमानपत्रे हमरस्त्याने पहाटे जामपर्यंत येत आणि तेथून समुद्रपुरात पोहोचत. अंगणात गठ्ठ्यातले एक पान येऊन पडले, की गुरुजी चष्मा पुसून ओट्यावर बसत. अंगणात जुना कडुनिंब होता. त्याच्या सावलीला हळूहळू दोनचार माणसे जमत. शेताकडे निघालेला एखादा म्हातारा शेतकरी, दुकान उघडण्यापूर्वी चहाच्या शोधात निघालेला शिंपी, सायकली दुरुस्त करणारा शेजारी आणि कधीकधी खिशात मोबाइल असलेला महाविद्यालयातला एक विद्यार्थी. ज्यांना वाचता येई तेही गुरुजींच्या तोंडूनच बातमी ऐकत. कारण गुरुजी नुसते वाचीत नसत. दूरच्या देशात भूकंप झाल्याची बातमी आली, की तो देश कोठे आहे, तेथील लोक काय पिकवतात, घरे कशाची बांधतात हे ते सांगत; आणि मग ती बातमी परक्याची राहत नसे.

विद्यार्थी एकदा म्हणाला, "गुरुजी, ही बातमी तर काल रात्रीच मोबाइलवर आली होती."

"आली असेल," गुरुजी म्हणाले, "पण तू तिला विचारलेस काय, की बाई, तू कोणाकडून आलीस?"

सारे हसले. विद्यार्थीही हसला; कारण गेल्या पावसाळ्यातील गोष्ट कोणीच विसरले नव्हते. जवळचा एक पूल वाहून गेल्याचा संदेश एका रात्री घरोघरच्या मोबाइलवर फिरला होता. सकाळी अर्धे गाव पूल पाहायला गेले. पूल जागच्या जागी उभा होता, आणि त्याच्यावर जी काही गर्दी होती ती तो वाहून गेल्याचे पाहायला आलेल्यांचीच होती!

"बातमी लवकर येणे चांगलेच," गुरुजी त्या दिवशी म्हणाले, "पण खरी येणे अधिक चांगले. मराठीतले पहिले वर्तमानपत्र बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढले. त्याचे नाव काय ठेवले? 'दर्पण'! दर्पण म्हणजे आरसा. आरसा घाई करीत नाही आणि उशीरही करीत नाही. समोर जे आहे तेवढेच तो दाखवतो. तिळाचा ताड करणारा आरसा कोणी घरात ठेवील काय?"

ओट्यावर हे वाचन चालू असताना समोरच्या अंगणात आजीचे काम चाललेले असे. सडा घालून झाला, की ती रांगोळीची वाटी घेऊन बसे. आधी ठिपके, मग त्यांना जोडणाऱ्या रेषा. तिच्या चिमटीतून पांढरी धार अशी सुटे, की जणू जमिनीतच ती रेष आधीपासून होती आणि आजी फक्त तिच्यावर बोट फिरवीत होती. कधी कमळ, कधी गोपद्म, कधी वेलबुट्टी. काल काढलेली रांगोळी ती आज सहसा काढीत नसे. दुपारपर्यंत मात्र या रांगोळीवरून कोंबड्या जात, सायकलींची चाके जात, शेजारची पोरे धावत. सायंकाळी तेथे थोडीशी पांढरी धूळ उरे.

"अहो, कशाला एवढे वाकून वाकून काढायचे?" गुरुजी कधी थट्टेने म्हणत, "दुपारी तर पुसून जाणार."

आजी मान वर न करता उत्तर देई, "तुमचं पान तरी कुठं टिकतं? सकाळी जपून धरता आणि सायंकाळी त्याच्यावर मी तांदूळ निवडते."

या उत्तरावर गुरुजी गप्प बसत. आजीचे म्हणणे खोटे नव्हते. वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. पण त्या दिवसानंतरही ते पान घरात किती रूपांनी वावरत असे! नातीच्या वह्यापुस्तकांना त्याचीच वेष्टने घातलेली असत. भूगोलाच्या पुस्तकावर क्रिकेटचा सामना असे आणि गणिताच्या पुस्तकावर सोन्याचांदीचे भाव. दुकानातून आलेल्या ओव्याच्या पुडीवर अर्धी बातमी असे. तिचा उरलेला अर्धा भाग कोणाच्या घरी जिऱ्याबरोबर गेला असेल, याचा तर्क करण्यात गुरुजींची पाच मिनिटे जात. दिवाळीपूर्वी आजी जुन्या पानांच्या घड्या घालून कात्रीने नक्षी कापी आणि स्वयंपाकघरातील फळ्यांना तिची झालर लावी. मोठमोठ्या पुढाऱ्यांची भाषणे अशा रीतीने पितळेच्या डब्यांखाली ओळीने लोंबत राहत.

कागद वाया घालवायचा नाही, ही रीत या जिल्ह्यात जुनीच. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यातही शेगाव नावाचे मोठे गाव आहे आणि ते रेल्वेमार्गावर आहे. त्यामुळे गांधीजींची पत्रे भलतीकडे जाऊ लागली. अखेर १९४० साली या गावाचे नाव 'सेवाग्राम' ठेवण्यात आले. जगभरातून तेथे पत्रे येत, आणि त्या पत्रांच्या व लिफाफ्यांच्या कोऱ्या बाजूंवर गांधीजी आपली टिपणे लिहीत. लिफाफा बातमी घेऊन येई, आणि आपले काम झाल्यावर दुसऱ्या बातमीसाठी पुन्हा पाठ पुढे करी. गुरुजींना ही गोष्ट फार आवडे. शाळेत असताना ते मुलांना दरवर्षी सेवाग्रामला नेत आणि बापूकुटीतील एक भिंत आवर्जून दाखवीत. त्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीचीच ताडाची झाडे उठावाने काढली आहेत. मीराबेन या एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या कन्या. त्यांनी रंग मागवले नाहीत, सोनेरी चौकट मागवली नाही. भिंतीची माती होती, बोटे होती, आणि बाहेर ताडाची झाडे होती.

एकदा नातीने विचारले होते, "आबाजी, आजीच्या रांगोळीला कला म्हणायचे का? कलेचे चित्र तर भिंतीवर टांगतात. रांगोळी पायाखाली जाते."

गुरुजींनी उत्तरादाखल फैजपूरची हकिगत सांगितली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. मंडप सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनातून थोर चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. नंदलालबाबूंनी शहरातून झुंबरे आणि मखमली पडदे आणले नाहीत. त्यांनी बांबू, गवत, टोपल्या अशा गावातच मिळणाऱ्या वस्तू घेतल्या आणि त्यांतून सारी शोभा उभी केली. पुढे १९३८ साली गुजरातेतील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी त्यांनी चित्रे काढली. त्या चित्रांत राजे-महाराजे नव्हते. ढोल वाजवणारा वादक, चाकावर बसलेला कुंभार, स्वयंपाकात गुंतलेली बाई, अशी नेहमीची माणसे होती. "अधिवेशन संपले, की तो बांबूचा मंडप उतरवायचाच होता," गुरुजी म्हणाले, "म्हणून नंदलालबाबूंनी एकही गाठ सैल बांधली नाही. आता तुझ्या आजीला विचार, की उद्या पुसणार म्हणून ती आजचा एखादा ठिपका चुकवते काय?"

नातीने आजीकडे पाहिले. आजी तांदूळ निवडीत होती; पण तिने ऐकले होते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते.

असे हे दिवस चालले असताना एका हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, अवकाळी पाऊस आला. सायंकाळी आभाळ भरले, रात्री विजा चमकू लागल्या आणि पहाटेपर्यंत पाऊस कोसळत राहिला. शेतातील पऱ्हाटीवर बोंडे फुटून कापूस लोंबत होता. कोरड्या थंडीत जो कापूस दुधासारखा दिसतो, तो भिजला, की मलूल होतो, मातीने डागाळतो, पिवळा पडतो, आणि बाजारात त्याचा भाव उतरतो. त्या दिवशी सकाळी आजीने सडा घातला नाही. पावसाने तो घातलाच होता. रांगोळीची वाटी कोनाड्यात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर नेहमीपेक्षा अधिक माणसे जमली. पण कोणी बोलत नव्हते. गुरुजींनी पहिले पान वाचले. दिल्लीची बातमी होती, मुंबईची होती, परदेशातील निवडणुकीची होती. मग एक म्हातारा शेतकरी हळूच म्हणाला, "काय जी गुरुजी, आपल्याकडचं काही आलं काय?"

गुरुजींनी पाने उलटली. सातव्या पानावर, एका मोठ्या जाहिरातीच्या कडेला चार ओळी होत्या. तालुक्यात अवकाळी पाऊस झाला, कापसाचे व तुरीचे नुकसान झाले, पंचनामे करण्याची मागणी होत आहे. बस्स, एवढेच. गुरुजींनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो उठला. "आलं तर खरं," तो म्हणाला आणि शेताकडे चालू लागला.

नातीला मात्र राग आला. क्रिकेटला अर्धे पान, साबणाच्या जाहिरातीला पाव पान, आणि तिच्या गावाला चार ओळी! तिच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवसांपासून शाळेत आला नव्हता. त्याच्या बाकावरची जागा रिकामी होती. चार ओळींत त्याचे नाव नव्हते, त्याच्या शेताचे नव्हते, त्या रिकाम्या जागेचेही नव्हते.

शाळेत मुलांचे एक भित्तिपत्रक होते. दर शनिवारी एक मोठा कागद सूचनाफलकावर लागे, आणि त्यावर मुले आपल्या अक्षरात बातम्या, कविता, चित्रे काढीत. या शनिवारी बातमी लिहिण्याची पाळी नातीची होती. तिने सायंकाळी बसून लिहून काढले. "भीषण अतिवृष्टीने समुद्रपुरात हाहाकार माजला. शेतातील सर्व कापूस वाहून गेला. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे कुटुंब उघड्यावर पडले असून त्यांच्या घरात अन्नाचा कणही उरलेला नाही." शेवटच्या वाक्यावर तर तिचे स्वतःचेच डोळे पाणावले. ती धावत गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी वाचले. ते रागावले नाहीत. त्यांनी शाबासकीही दिली नाही. त्यांनी कोनाड्यातून एक गोल दगड काढून तिच्या हातावर ठेवला. तो दगड तिच्या ओळखीचा होता. समुद्रपूर तालुक्यातच गिरड नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, आणि सर्व धर्मांचे लोक तेथे जातात. त्या टेकडीवर असे गोल दगड सापडतात.

"याची गोष्ट सांग बरे," गुरुजी म्हणाले.

नातीने सांगितली. फार वर्षांपूर्वी बंजारा व्यापारी माल लादून टेकडीजवळून जात होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. तेव्हा बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. तेच हे दगड.

"छान. आता याची बातमी सांग."

नात गोंधळली. बातमी? मग तिला शाळेत शिकलेले आठवले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत खनिजे साचली. वरचा खडक झिजला आणि हे गोळे मोकळे झाले.

"दोन्ही तुला ठाऊक आहेत," गुरुजी म्हणाले. "गोष्टही सुंदर आहे. दुसऱ्याची थट्टा करू नये, एवढे तिच्यातून आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्याला सांगितले. खडकाची हकिगतही सुंदर आहे. गोष्ट सांगताना गोष्ट म्हणून सांगावी आणि बातमी देताना बातमी म्हणून द्यावी. गोष्टीला बातमीचे कपडे घातले, की दोघींचीही अब्रू जाते. आता मला सांग, तुझ्या या कागदावर काय आहे? गोष्ट की बातमी?"

"बातमी," नात म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी त्यांच्या घरी गेले नव्हते."

"मग जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती त्या मुलाच्या घरी गेली. घर गावाच्या कडेला होते. दार उघडे होते आणि ओसरीपासून आतल्या खोलीपर्यंत, जेथे म्हणून कोरडी जागा होती तेथे भिजलेला कापूस पसरलेला होता. मुलगा आणि त्याची आई खाली बसून बोंडांचे तुकडे आणि चिखलाचे गोळे वेगळे काढीत होती. डागाळलेला एका बाजूला, जरा बरा दुसऱ्या बाजूला. घरात ओल्या कापसाचा कुबट वास भरला होता. चुलीवर भात शिजत होता. 'अन्नाचा कणही नाही' हे आपले वाक्य नातीला त्या वाफेत दिसले आणि तिचे कान गरम झाले.

"ये बाई, बस," मुलाची आई म्हणाली. "पाय मात्र जपून ठेव."

नातही बसली आणि वेचू लागली. थोड्या वेळाने तिने भित्तिपत्रकाची गोष्ट काढली आणि भीतभीत आपला कागद वाचून दाखवला. काकू ऐकत राहिल्या. मुलगा मान खाली घालून कापूस वेचीत होता; 'उघड्यावर पडले' हे शब्द आले तेव्हा त्याचा हात थांबला.

"वाहून नाही गेला, पोरी," काकू शांतपणे म्हणाल्या. "भिजला. तीन एकरांत पऱ्हाटी आहे. दोन वेचे आधीच घरात आले होते, ते वाचले. हा तिसरा झाडावर होता, तो भिजला. उघड्यावर आम्ही पडलो नाही. माझ्या लेकाला उद्या वर्गात बसायचं आहे ना? पोरं त्याला काय म्हणतील?"

नातीच्या तोंडून शब्द फुटेना.

"आणि असं बघ," काकू पुढे म्हणाल्या, "तलाठी पंचनाम्याला येतील. आम्ही सांगू, तिसरा वेचा गेला. तुझा कागद सांगेल, सगळा गेला. मग लोक म्हणतील, ही माणसं खोटं बोलतात. जे गेलं ते थोडं नाही बाई. या वेच्याच्या पैशात पुढच्या बियाण्याची सोय होती. तेवढंच लिही. तेवढंच पुष्कळ आहे."

परत येताना नातीने तो कागद फाडला नाही. घरी येऊन तिने त्याची कोरी बाजू वर केली आणि तिच्यावर नव्याने लिहायला सुरुवात केली. 'हाहाकार' गेला, 'भीषण' गेले. उरले ते असे होते. पाऊस कोणत्या रात्री आला आणि किती वेळ पडला. फुटलेली बोंडे भिजली, की काय होते. एका घरी ओसरीपासून चुलीपर्यंत कापूस वाळत आहे. दोन वेचे वाचले, तिसरा भिजला. त्याच्या पैशातून पुढच्या हंगामाचे बियाणे यायचे होते. कापूस निवडायला घरातील सर्वांचे हात लागतात, म्हणून काही मुले शाळेत येऊ शकली नाहीत. त्या मुलांना शिकवून झालेले धडे पोहोचवायला हवेत. कोणाचेही नाव तिने लिहिले नाही. शेवटी तिला एक सुंदर वाक्य सुचले होते. ते तिने दोनदा म्हणून पाहिले आणि लिहिले नाही.

गुरुजींनी ते वाचले. चष्मा काढून पुसला. "किती ओळी झाल्या?" त्यांनी विचारले.

"बारा."

"एकही खोटी नाही?"

"नाही आबाजी."

गुरुजींनी कपाटातून सकाळचे पान काढले आणि सातव्या पानावरील त्या चार ओळी तिला पुन्हा दाखवल्या. "आता या वाच," ते म्हणाले. नातीने वाचल्या. गंमत अशी, की आता तिला त्या ओळींचा राग आला नाही. त्यांतील एकही शब्द खोटा नव्हता. कोणीतरी तालुक्याच्या ठिकाणाहून त्या पाठवल्या होत्या, कोणीतरी रात्री त्या जुळवल्या होत्या, आणि जगातील एवढ्या गलबल्यात त्यांना चार ओळींपुरती का होईना जागा करून दिली होती. चार ओळींत जे मावले नव्हते ते पाहायला तिला शेवटी चालतच जावे लागले होते. कापूस वाळत असलेले ते घर तिच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते.

शनिवारी भित्तिपत्रक लागले. मुलांनी ते वाचले. कोणी हळहळले, कोणी काहीच बोलले नाही. सोमवारी मात्र दोघीतिघी मैत्रिणी वह्या घेऊन गावाच्या कडेच्या त्या घराकडे गेल्या आणि अंधार पडेपर्यंत कापूस निवडीत बसल्या. मंगळवारी तो मुलगा शाळेत आला. त्याने भित्तिपत्रकासमोर उभे राहून ती बातमी सावकाश, पहिल्या ओळीपासून बाराव्या ओळीपर्यंत वाचली. मग तो नातीजवळ आला आणि म्हणाला, "एक चुकलं आहे. पाऊस पहाटे चारला थांबला. तू पाच लिहिलं आहेस." नातीने पेन्सिल काढली आणि पाचाचे चार केले.

पुढच्या शनिवारी तो कागद उतरवला गेला आणि त्याच्या जागी दुसरा लागला. जुना कागद नातीने घरी आणला. तो कोठे ठेवावा, असा प्रश्न होता. एवढ्या कष्टाने लिहिलेली बातमी पुस्तकाच्या वेष्टनाला वापरावी काय? तिने आजीला विचारले. आजी अंगणात बसली होती. जमीन आता वाळली होती, सडा पडला होता, आणि पुष्कळ दिवसांनी रांगोळीची वाटी कोनाड्यातून बाहेर आली होती. आजीने ठिपके घातले होते. पण या वेळी त्यांतून कमळ उमलले नाही. चार पाकळ्यांत उकललेले, आतून पांढरे भरलेले काहीतरी उमटत होते.

"हे काय ग आजी?"

"पऱ्हाटीचं बोंड. ओळखू येत नाही?"

नातीला चांगलेच ओळखू आले. ती ओट्याच्या पायरीवर बसून पाहू लागली. दुपारपर्यंत त्या बोंडावरून कोंबड्या जाणार होत्या आणि सायकली जाणार होत्या, हे दोघींनाही ठाऊक होते. तरी आजी एकेक ठिपका जोडीत होती, आणि शेवटच्या पाकळीची रेष किंचित वाकडी गेली तेव्हा तिने ती बोटाने पुसून पुन्हा काढली.

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटा वाजली आणि नागपूरहून आलेले नवे पान अंगणात येऊन पडले; रांगोळीपासून थोडे दूर, कारण वर्तमानपत्र टाकणारा मुलगाही आता ती पाहून नेम धरीत असे. गुरुजी चष्मा पुसीत बाहेर आले. कडुनिंबाखाली माणसे जमू लागली. म्हातारा शेतकरी पायरीवर टेकला आणि म्हणाला, "वाचा जी गुरुजी. आज काय आलं?"

गुरुजींनी पान उघडले. पण पहिल्या पानाऐवजी त्यांनी नातीकडे हात केला. नातीने आपला कागद त्यांच्या हाती दिला.

"आधी आपल्याकडचं वाचू," गुरुजी म्हणाले, "मग जगाकडे जाऊ."